नारिंगी टोपणाची सिरिंज: ऊसतोड कुटुंबातल्या टाइप वन मुलीचं एक प्रकरण

मुलगी, वय ९ वर्षं, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. बीड जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. आईवडील ऊसतोड कामगार. टाइप वन मधुमेहाचं निदान ऑगस्ट २०२४ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, कीटोअ‍ॅसिडोसिसने (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होण्याने) दुसऱ्यांदा दाखल. केस पेपरवर कारण म्हणून लिहिलं होतं: "इन्सुलिन चुकवलं असावं, गोड खाल्लं असावं." या दोन्हींतलं एकही खरं कारण नव्हतं.

मी मधुमेह असलेल्या मुलांच्या घरच्यांना शिकवण्याचं काम करते. या कुटुंबाशी माझी गाठ मुलगी दुसऱ्यांदा दाखल झाली तेव्हा पडली. ओळख पटू नये म्हणून अशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या कुटुंबांचे काही तपशील इथे मिसळले आहेत. औषधाच्या मात्रेचं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण हे प्रकरण लिहिण्याचं कारणच ते गणित आहे.

पहिलं आजारपण

श्रावणात मुलगी सारखं पाणी मागू लागली. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. चार-पाच वर्षांपूर्वी सुटलेली सवय परत आली म्हणून आई रागावली. मोरीत मुंग्या लागतात हे आजीच्या लक्षात आलं होतं, पण मधुमेह म्हाताऱ्यांचा आजार, एवढंच तिला ठाऊक. मग पोटदुखी, उलट्या आणि जोरजोरात श्वास. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा समजून ग्लुकोजची बाटली लावली. दुसऱ्या दिवशी मुलगी गुंगीत गेली. तालुक्याला साखर तपासली तेव्हा ग्लुकोमीटरवर आकडा न येता "हाय" अशी अक्षरं उमटली, म्हणजे यंत्राला मोजता येते त्यापलीकडची साखर. तिथून तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं.

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते. इन्सुलिन संपत आलं की साखर रक्तातच साचते. पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. तो धापेसारखा श्वास म्हणजे हे आम्ल बाहेर टाकायची शरीराची धडपड. यात कुणाच्या खाण्याचा, आईच्या दुधाचा किंवा गेल्या जन्माचा संबंध नाही. हे मी प्रत्येक घरात सांगते, कारण प्रत्येक घरात कुणीतरी आईला बोल लावलेला असतोच.

निदानाच्या वेळी वजन १९ किलो होतं. घरी सोडताना दिवसाला १६ युनिट इन्सुलिन ठरलं: सकाळी १०, संध्याकाळी ६. दोन्ही वेळा साधं (पाण्यासारखं, लवकर काम करणारं) आणि एनपीएच (दुधासारखं, जास्त वेळ पुरणारं) एकाच सिरिंजमध्ये भरायचं. बाटल्या रुग्णालयातून मोफत मिळाल्या, सोबत लाल टोपणाच्या सिरिंज, एक ग्लुकोमीटर, थोड्या पट्ट्या आणि एक छापील कागद. त्या कागदावर काय खावं, काय खाऊ नये याची लांबलचक यादी होती. सिरिंजबद्दल एक ओळही नव्हती.

दसऱ्याचा पेच

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, आणि ती दोघांच्या कामावर असते. आई मागे राहिली तर उचलीचा हिस्सा परत करावा लागतो, आणि या घरात ती रक्कम ऑगस्टच्या दवाखान्यात खर्च झाली होती. मुलीला सोबत न्यायचं तर फडावर कोपीत राहणं, पहाटे चारला उठणं, वीज नाही, शाळा नाही आणि जवळचा दवाखाना नेमका किती लांब याचा पत्ता नाही. म्हणून ठरलं की मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ आजीजवळ राहतील. आजीला वाचता येत नाही. रेघा मात्र मोजता येतात.

हा निर्णय निष्काळजीपणाचा होता असं वॉर्डात काहीजण म्हणाले. मला ते पटत नाही. त्या घराने मिळेल त्यातला सर्वांत सुरक्षित पर्याय निवडला होता. रुग्णालयाने मुलीला घरी सोडताना आईला शिकवलं, आणि हंगामाचे पाच-सहा महिने सुई आजीच्या हातात असणार आहे हे कुणी विचारलंच नाही. बीडच्या कुटुंबाला ऑगस्टमध्ये घरी सोडताना "दसऱ्यानंतर पोरीजवळ कोण असेल?" हा प्रश्न इन्सुलिनच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे.

आईने जाण्याआधी आजीला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. आधी पाण्यासारखी बाटली, मग दुधासारखी. दुधासारखी हातावर हलकेच घोळवून घ्यायची. पोट, मांडी अशी जागा रोज बदलायची. आजीने ते सगळं तंतोतंत पाळलं.

बरं वाटण्याचे दिवस

सप्टेंबरपासून मुलीची साखर उतरू लागली. शाळेत एकदा हातपाय थरथरले, घाम फुटला. बाईंनी साखरपाणी पाजलं. डॉक्टरांनी मात्रा कमी करत करत दिवसाला ७ युनिटवर आणली. वजन २२ किलोपर्यंत गेलं.

डॉक्टर याला हनीमून फेज म्हणतात. इन्सुलिन सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या बीटा पेशींवरचा ताण कमी होतो आणि त्या काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहून जास्त काळ पुन्हा थोडं इन्सुलिन देतात. पुढे त्याही जातात आणि मात्रा परत वाढते. घरच्यांना हे आधी सांगितलेलं नसेल तर एकच अर्थ निघतो: आजार बरा होतोय. इथेही तसंच झालं. भावकीतल्या एकाने काढ्याची पुडी आणून दिली. आजीने ती देव्हाऱ्यात ठेवली, दिली नाही. "डॉक्टरनं सुई बंद म्हणलं नाही तवर म्या कशी करू?" हे तिचं कारण. दाखल झाल्यावर तिच्यावर जो संशय घेतला गेला त्याच्या शेजारी हे वाक्य ठेवून पाहावं.

सुई बदलली तेव्हा

दिवाळीनंतर रुग्णालयाच्या सिरिंज संपल्या. बापाने फडावरून पैसे पाठवले आणि मामाने तालुक्याच्या मेडिकलमधून "लहान पोरांसाठी बारीक सुई" मागितली. मिळाली ती अर्ध्या मिलिलिटरची, नारिंगी टोपणाची, आखूड आणि खरोखरच बारीक सुईची सिरिंज. जुन्यापेक्षा महाग. मुलीला दुखेना, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

भारतात बाटलीतलं इन्सुलिन दोन तीव्रतांचं मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, किंवा एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. पहिल्यासाठी लाल टोपणाची सिरिंज, दुसऱ्यासाठी नारिंगी. बाटलीवर आणि सिरिंजवर यू-४०, यू-१०० असं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. या घरातल्या बाटल्या यू-४० होत्या.

लाल सिरिंजवर दहा रेघा म्हणजे पाव मिलिलिटर. नारिंगी अर्ध्या मिलिलिटरच्या सिरिंजवर दहा रेघा म्हणजे फक्त ०.१ मिलिलिटर. यू-४० च्या बाटलीतून तेवढं ओढलं तर १० ऐवजी ४ युनिट जातात. आजी रेघा बरोबर मोजत होती आणि मुलीला दर वेळी ठरलेल्या मात्रेच्या चाळीस टक्केच इन्सुलिन मिळत होतं. ७ युनिटच्या जागी २.८.

हे लगेच उघड झालं नाही, कारण मुलीच्या स्वतःच्या पेशी अजून थोडा हात देत होत्या. नोव्हेंबरच्या वहीत साखर १८०, २१०, मधूनच २५०. वाईट, पण हादरवणारी नाही. डिसेंबरात उरलेल्या पेशी दमल्या आणि आकडे तीनशेवर गेले. फोनवर विचारून मात्रा टप्प्याटप्प्याने १२ रेघांवर नेली. कागदावर २२ किलोच्या मुलीला १२ युनिट ही वाजवी मात्रा दिसते. प्रत्यक्षात जात होते ४.८. बाह्यरुग्ण विभागात वही पाहणाऱ्यालाही वाटलं, एवढं इन्सुलिन घेऊन साखर तीनशे, म्हणजे एक तर सुया चुकतायत नाहीतर खाणं चोरून चाललंय. प्रश्न विचारले गेले ते मुलीला आणि आजीला. पिशवीतल्या सिरिंजला कुणी विचारलं नाही.

जानेवारीत ताप आला, उलट्या सुरू झाल्या. संक्रांत नुकतीच झालेली, शेजारणी म्हणाल्या तिळगूळ बाधला. दोन दिवसांत मुलगी पुन्हा धापा टाकत वॉर्डात. सलाइन, इन्सुलिनचं ड्रिप, पोटॅशियम, तासातासाची साखर. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली.

कारण कसं सापडलं

मी आजीला म्हटलं, "आजी, घरी जसं देता तसं मला सगळं करून दाखवा." तिने पिशवी उघडली, हात धुतले, बाटली घोळवली आणि नारिंगी टोपण काढलं. पुढचं बघायची गरजच उरली नव्हती, तरी तिला पूर्ण करू दिलं, कारण तिची बाकीची पद्धत अचूक होती आणि ते तिला ऐकायला मिळणं आवश्यक होतं.

मग लाल आणि नारिंगी अशा दोन सिरिंजमध्ये दहा-दहा रेघा पाणी भरून स्टीलच्या ताटलीत शेजारी शेजारी सोडलं. दोन थेंबांत दिसण्याजोगा फरक होता. आजी बराच वेळ ताटलीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे निम्म्याहून कमीच जात व्हतं." मी म्हटलं, "तुमचा हात चुकला नाही, आजी. रेघा बरोबर होत्या, सिरिंज दुसरी होती." केस पेपरवरची कारणाची ओळ त्याच दिवशी बदलून घेतली. हा कागदोपत्री सोपस्कार वाटेल, पण पुढच्या प्रत्येक डॉक्टरने ती ओळ वाचून त्या घराकडे पाहिलं असतं.

उलटी गफलत याहून भयंकर असते. यू-१०० इन्सुलिन लाल सिरिंजने ओढलं तर अडीच पट मात्रा जाते आणि मूल झोपेतच बेशुद्ध पडू शकतं. पेनचं काडतूस यू-१०० असतं. पेन बिघडला की त्यातूनच सिरिंजने औषध ओढणारी घरं मी पाहिली आहेत. या मुलीच्या बाबतीतही धोका टळून गेला म्हणायचा. फोनवर मात्रा आणखी वाढवत तीस रेघांपर्यंत नेली असती आणि मग कुणी सहज लाल सिरिंज आणून दिली असती, तर तीसच्या तीस युनिट गेले असते.

ज्यांच्या घरी टाइप वनचं मूल आहे त्यांनी आत्ता उठून बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडा जुळतो का ते बघावं. नवीन पाकीट आणलं की दर वेळी बघावं.

मामाचा प्रश्न

वॉर्डात मामाने फोन पुढे केला. "ताई, हे खरं आहे का? चीनमध्ये एका बाईचा टाइप वन बरा झाला. आपल्या पोरीला कधी?" बातमी सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली, आणि मुळात खरी होती. तियानजिनमधल्या २५ वर्षांच्या एका स्त्रीच्या स्वतःच्या पेशींपासून प्रयोगशाळेत इन्सुलिन करणाऱ्या पेशी घडवल्या, २०२३ मध्ये तिच्या पोटाच्या स्नायूंत रोपल्या आणि अडीच महिन्यांच्या आसपास तिचं बाहेरून घ्यायचं इन्सुलिन थांबलं. फॉरवर्डमध्ये जे नव्हतं ते असं: तिचं यकृत आधी बदललेलं होतं आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. त्यामुळे ती औषधं नसताना शरीर या नव्या पेशींवर पुन्हा हल्ला करेल का, हे या एका रुग्णावरून कळत नाही.

नंतर जून २०२५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिसलेसेल या पेशी-उपचाराचे निकाल आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. हे मोठं यश आहे आणि मला मनापासून आनंद झाला. पण ते सगळे प्रौढ होते, साखर धोकादायक खाली जाऊनही ज्यांना जाणवत नाही असे. त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. नऊ वर्षांच्या मुलीला जन्मभर जंतुसंसर्गाचा धोका पत्करायला लावून इन्सुलिन सोडवायचं का, याचं आजचं उत्तर "नाही" असंच आहे.

टाइप वन उघड होणं लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाबद्दलही विचारणा झाली, भावासाठी. हे औषध १४ दिवस रोज शिरेतून देतात. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ती आठ वर्षांवरच्या, रक्तात दोन किंवा अधिक अँटिबॉडी (बीटा पेशींवर हल्ला चालू असल्याच्या खुणा) सापडलेल्या, साखर किंचित बिघडलेली पण आजार अजून उघड न झालेल्या लोकांसाठी. ७६ जणांच्या चाचणीत त्याने आजार उघड होणं साधारण दोन वर्षं लांबवलं. मान्यतेच्या वेळी पूर्ण कोर्सची तिथली किंमत १,९३,९०० डॉलर होती. बहिणीसाठी ती वेळ निघून गेली आहे, भाऊ चारच वर्षांचा. सख्ख्या भावंडाला टाइप वन होण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास असते, म्हणजे बहुतेकांना होत नाही. मी घरच्यांना एवढंच शिकवलं: हा पोरगा सारखं पाणी मागू लागला, अंथरूण ओलं करू लागला, तर त्याच दिवशी बहिणीच्या यंत्रावर त्याची साखर बघायची. या घरासाठी आज या बातमीतून मिळणारी सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. तो गुंगीत जाण्याआधी कळेल.

अशा बातम्या घरच्यांपासून लपवू नयेत असं माझं ठाम मत आहे. "त्या नादाला लागू नका" म्हटलं की माणसं पुडीवाल्याकडे जातात, तो निदान ऐकून तरी घेतो. बातमीतले लोक कोण होते, कोणत्या वयाचे, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, आणि इन्सुलिनच्या बदल्यात त्यांना काय घ्यावं लागतं, एवढं शेजारी बसून वाचून दाखवलं तर ऊसतोड करणाऱ्या मामालाही ते पूर्ण समजतं. त्याला समजलं. त्याने ती बातमी पाठवणाऱ्यालाच उलट समजावलं.

वर्षाची आखणी

घरी सोडताना या वेळी आई, आजी आणि मामा तिघेही समोर होते. आई फडावरून परत आली. त्याचे खाडे उचलीतून कापले गेले आणि फिटलेली नाही ती रक्कम पुढच्या वर्षीच्या हिशेबात चढली. या ओझ्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाटलीच्या डबीवर लाल चिकटपट्टी गुंडाळली, सुई मोडून काढलेली एक लाल टोपणाची सिरिंज पिशवीत नमुना म्हणून ठेवली आणि सांगितलं, मेडिकलमध्ये नाव सांगायचं नाही, हा नमुना दाखवायचा. आजारपणात पोरीने काही खाल्लं नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, उलट साखर जास्त वेळा बघून विचारायचं. जानेवारीत उलट्या होताना एका वेळची सुई "पोटात काही नाही म्हणून" टाळली होती, तेव्हा हे पुन्हा पुन्हा घोकून घेतलं.

घरात फ्रिज नाही. शेजारच्या किराणा दुकानात ठेवायचं तर गावभर कळेल, आणि मुलीची जात म्हणून उद्या लग्नाला अडेल, ही आजीची भीती. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत हाच प्रश्न होता. तिथे घरांतलं तापमान २५ ते ३७ अंशांत फिरतं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स (एमएसएफ) या संस्थेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने तेच चढउतार प्रयोगशाळेत घडवून तपासलं, तेव्हा चार आठवड्यांत इन्सुलिनची ताकद टिकून राहिल्याचं दिसलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पारा याहून वर जातो, म्हणून दोन मडकी एकात एक, मधे ओली वाळू, आतल्या मडक्यात झाकणाच्या कोरड्या डबीत बाटली, आणि ते घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात. उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकायची. बर्फात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

शाळेतल्या बाईंनी फार मदत केली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिलं होतं की टाइप वनच्या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधे खाऊ द्यावं. बाईंना पत्राची गरज पडली नाही. त्यांनी कपाटात साखरेची बरणी ठेवली. थरथर, घाम, चिडचिड दिसली की दोन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, कुशीवर वळवून गालाच्या आतून साखर चोळायची आणि गाडी बोलवायची. मुलगी आता वर्गाच्या मागे लपून नाही, बाकावर बसून बोट टोचते.

उन्हाळ्यात त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या 'उडान' संस्थेची माहिती दिली. डॉ. अर्चना सारडा यांनी टाइप वनच्या मुलांसाठी उभी केलेली ही संस्था आहे. आपल्यासारखं दुसरं मूल बघणं ही गोष्ट मी शिकवून देऊ शकत नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवर बारावीची एक मुलगी स्वतः सुई घेताना दिसली, त्यानंतर आजी लग्नाबद्दल बोलायची थांबली.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी जानेवारीत ११.६ होतं, जूनमध्ये ८.७. ध्येय ७ च्या आसपासचं आहे, अजून लांब आहे. दिवसाला चार वेळा तपासायचं तर पट्ट्यांनाच महिन्याला दोन हजारांच्या आसपास लागतात, आणि बहुतेक दिवशी तपासणी दोनदाच होते.

या हंगामात आई गावात राहणार असं ठरलं आहे. बाप अर्धा कोयता म्हणून जाईल. मुलगी स्वतः इन्सुलिन भरायला शिकली आहे, पण नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला जमतं म्हणून जबाबदारी तिच्या एकटीवर टाकायची नाही, रेघा दर वेळी मोठ्याने बघायच्या, हे आईने मान्य केलं आहे. सिरिंज आणि बाटल्या मार्चपर्यंतच्या मिळाल्या. पट्ट्यांची सोय जानेवारीपर्यंत झाली आहे, पुढच्या दोन महिन्यांची अजून व्हायची आहे.